जुना लेथ घरी आणताय? आधी मोजा, मग खोला

जुना लेथ (धातूचा बार फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन) उभा करायला घेणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एकाला त्यावर काम करायचं असतं, दुसऱ्याला तो चकचकीत करून ठेवायचा असतो. दोन्ही छंद चांगले, पण कामाचा क्रम वेगळा. नवखा माणूस फसतो तो काम करायचं असूनही चकचकीतवाल्यांचा क्रम धरल्यामुळे. सगळं खोललं, घासलं, रंगवलं, जोडलं आणि चालू केल्यावर कळलं की बारला टेपर येतोय, म्हणजे एक टोक दुसऱ्यापेक्षा जाड निघतंय. आता हा दोष बेडचा (ज्यावर सगळं बसतं तो लांब पाया), हेडस्टॉकचा (बार फिरवणारं डोकं) की जोडणीचा, हे शोधायचं कशावरून? खोलण्याआधी मशीन कसं होतं याची नोंदच नाही. म्हणून या लेखात रंगाच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आलाय आणि मोजण्याच्या वाट्याला बरंच काही.

इथे डोळ्यांसमोर आहे तो बेंचवर बसणारा लहान लेथ: साउथ बेंडचा ९ इंची, मायफर्डचा एमएल७ किंवा त्यांच्या आसपासचा कुठलाही. मोठ्या मशीनलाही हेच तत्त्व लागू, फक्त उचलायची साधनं बदलतात.

घेण्याआधी काय बघायचं

गंजाला फारसं घाबरू नका. बीडावरचा (कास्ट आयर्नवरचा) लालसर थर बहुतेक वेळा वरवरचा असतो आणि उतरतो. घाबरायचं ते तुटलेल्या आणि हरवलेल्या भागांना. चेंज गियरचा (आटे पाडताना बदलायच्या गियरचा) संच, स्टेडी (लांब बारला आधार देणारी चौकट), फेसप्लेट (काम बांधायची चकती), टेलस्टॉकचा (बारच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाचा) लॉक अशा गोष्टी नंतर एकेक करून जमवायला जीव मेटाकुटीला येतो. कास्टिंगला तडा आहे का ते चांगल्या टॉर्चने बघा, विशेषतः टेलस्टॉकच्या क्लॅम्पजवळ, क्रॉस स्लाइडच्या (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) टी-स्लॉटच्या कडांना आणि पायांच्या बोल्टांभोवती.

मग बॅक गियर (वेग कमी करणारे हेडस्टॉकमधले गियर) हाताने पूर्ण फिरवा आणि प्रत्येक दात बघा. जुन्या लेथवर तुटलेले दात सापडतात ते बहुधा इथेच, आणि त्याचं कारण कटिंग नसतं. आट्यांवर बसलेला चक (बार पकडणारा भाग) घट्ट झाला की लोक बॅक गियर अडकवून स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) लॉक करतात आणि चकला लांब पान्याने हिसका देतात. चक सुटतो किंवा दात जातो.

बेडची झीज बघायला नख पुरतं. चकजवळ स्लाइडवेच्या (बेडवरच्या रुळाच्या) कडेला, जिथे सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) पोचत नाही, तिथून नख आडवं ओढा. पायरी लागली तर झीज आहे. किती, ते असं कळतं: सॅडल चकजवळ नेऊन त्याच्या गिबचे (फट भरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू इतके आवळा की हँडव्हीलला थोडा जडपणा लागेल, मग सॅडल टेलस्टॉककडे न्या. शेवटपर्यंत सारखाच जड चालला तर बेड उत्तम. मध्येच अडकला तर बेड चकजवळ जास्त झिजलाय. जुन्या लेथवर हे असणारच, कारण निम्म्याहून जास्त आयुष्य चकजवळच्या वीतभर जागेत गेलेलं असतं.

पण त्या पायरीने लगेच सौदा मोडू नका. टूल खाली जाणं आणि टूल बाहेर सरकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २५ मिमी व्यासाच्या बारवर टूल ०.१ मिमी खाली गेलं तर व्यासात पडणारा फरक ०.००१ मिमीच्याही आत असतो, घरच्या मायक्रोमीटरला तो दिसणारही नाही. तेच टूल ०.१ मिमी बाहेर सरकलं तर व्यास ०.२ मिमीने वाढतो. नखाला लागणारी पायरी मुख्यतः उभी झीज सांगते, म्हणून दिसायला भयंकर आणि कामाला बरीचशी निरुपद्रवी असते.

मशीनचा क्रमांक बहुतेक वेळा बेडवर टेलस्टॉककडच्या टोकाला ठोकलेला असतो. तिथली घाण पुसून क्रमांक उतरवून घ्या, त्यावरून मॉडेल आणि मॅन्युअल शोधणं सोपं जातं.

आणताना

लेथ वरून जड असतो आणि हेडस्टॉककडे जड असतो, त्यात मोटर मागे लटकत असेल तर मागेही झुकतो. पायांवर ढकलत नेताना तो उलटतो, आणि बीड जमिनीवर आदळलं की वाकत नाही, फुटतं. मोटर, चक, टेलस्टॉक आधी उतरवा. उचलताना पट्टा बेडला घाला. लीड स्क्रू किंवा फीड रॉडवर (सॅडल चालवणाऱ्या लांब दांड्यांवर) पट्ट्याचा दाब आला तर तो वाकलाच म्हणून समजा. सॅडल मागेपुढे सरकवून तोल साधता येतो, साधला की सॅडल लॉक करा. घाई नसेल तर जागेवरच दोन-तीन तुकडे करून आणणं शहाणपणाचं, फक्त पुढच्या भागातली मोजणी त्याआधी उरकून घ्या.

खोलण्याआधीची मोजणी

लागणाऱ्या वस्तू थोड्या: चुंबकी स्टँडवरचा डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारा), मायक्रोमीटर, एक वही. मशीन विजेपासून तोडलेलं असू द्या, सगळं हाताने फिरवायचं आहे.

सुरुवात स्पिंडलपासून. चक काढा, गेजचा स्टँड बेडवर लावा, टोक स्पिंडलच्या नाकाच्या गुळगुळीत भागावर वरून टेकवा. स्पिंडल हळू फिरवा आणि काटा किती हलतो ते लिहा. मग आतल्या टेपरमध्ये टोक टेकवून तेच करा. इथे एक शतांश मिमीच्या आत असेल तर स्पिंडल सरळ आहे. ही झाली फिरतानाची डगमग. प्ले ही वेगळी गोष्ट. त्यासाठी स्पिंडलच्या भोकात लाकडी दांडका घट्ट बसवून तो वर उचला, मग खाली दाबा. साध्या बुशच्या (बॉल नसलेल्या) बेअरिंगमध्ये दोन ते पाच शतांश हालचाल चालते, कारण तेलाच्या थराला तेवढी जागा लागतेच. शून्य आलं तर खूश होऊ नका. एक तर बेअरिंग फार आवळलंय, नाहीतर आत गोठलेलं ग्रीस आहे. शेवटी स्पिंडल लांबीच्या दिशेने ओढून-ढकलून तोही आकडा घ्या.

क्रॉस स्लाइडचं हँडल एका दिशेने फिरवून थांबवा, उलट फिरवा आणि स्लाइड हलेपर्यंत डायलवर किती रेषा गेल्या ते मोजा. हा बॅकलॅश. जुन्या मशीनवर पाव मिमीपर्यंत तो सर्रास असतो, आणि नवखे त्याला उगाच भितात. टूल नेहमी एकाच दिशेने आत आणायची सवय असली की बॅकलॅश कामात आडवा येत नाही. स्क्रूच्या मधल्या भागात पाव मिमी आणि टोकाला दोन शतांश असं दिसलं, तर मात्र स्क्रू एकाच जागी झिजलाय. तेव्हा नुसता नट बदलून भागणार नाही.

टेलस्टॉकमध्ये सेंटर (टोकदार सुळका) बसवा, स्पिंडलमध्ये दुसरं, आणि दोन टोकं एकमेकांजवळ आणा. टेलस्टॉक बहुधा किंचित खाली बसलेला आढळेल, कारण त्याचा तळही घासला जातो. आडवा फरक स्क्रूने दुरुस्त होतो, उभ्या फरकाला नंतर तळाखाली शिम (पातळ पत्रा) घालता येते.

शक्य असेल, मोटर चालत असेल आणि वायरिंग सुरक्षित दिसत असेल तर तेल घालून सगळ्यात कमी वेगावर एक बार टर्न करून बघा. तो बार जपून ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. दुरुस्तीनंतर तुलना करायला याहून चांगला पुरावा नाही.

खोलणं

क्रम असा बरा पडतो: चक, टूल पोस्ट, कंपाउंड (टूल पोस्टखालची छोटी स्लाइड), क्रॉस स्लाइड, टेलस्टॉक, चेंज गियर, मग लीड स्क्रू, ॲप्रन (सॅडलपुढचा गियरचा डबा) आणि सॅडल. हेडस्टॉक शेवटी, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी तो बेडवरून उचलूच नये. कारखान्यात तो बेडशी जुळवून बसवलेला असतो. गरज नसताना काढला तर ती जुळवणी तुमच्या गळ्यात पडते. आतली सफाई जागेवर होते.

चक काढताना बेडवर खाली लाकडी फळी टाका. हातातून निसटलेला चक बेडला जो टवका पाडतो तो कायमचा. चक आट्यांवर घट्ट बसला असेल तर आट्यांच्या फटीत भेदक तेल सोडून रात्रभर थांबा. मग चकमध्ये जाड षटकोनी बार धरा, स्पिंडल पुलीला पट्ट्याचा पाना लावून अडवा आणि बारवर पाना घालून आखडता, झटपट ठोका द्या. सावकाश जोर लावत राहण्यापेक्षा ठोक्याने आटे सुटतात. तरीही नाही सुटला तर बॅकप्लेट (चकमागची चकती) गरम हवेच्या गनने तापवा. बॅक गियरला मात्र हात लावू नका.

अडलेला स्क्रू दिसला की आधी पेचकस बघा. पात्याची जाडी खाचेत बरोबर बसत नसेल तर पातं ग्राइंडरवर घासून बसवा. जुन्या मशीनवरचे अर्धेअधिक कुरतडलेले स्क्रू हे चुकीच्या पेचकसाचे बळी असतात. टेपर पिन ठोकण्याआधी दोन्ही टोकांचा व्यास मोजा, कारण लहान टोकाकडूनच ठोकायची असते. रंगाखाली दोन्ही टोकं सारखीच दिसतात. आणि कुठलाही नट हटत नसेल तर त्याचे आटे डावे तर नाहीत ना, याचा आधी विचार करा.

प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, आणि काढण्याआधी फोटो. चेंज गियरचे फोटो दोन बाजूंनी घ्या. गिबचं कुठलं टोक चककडे होतं ते मार्करने लिहा, कारण गिब आपापल्या जागी घासून बसलेल्या असतात.

स्पिंडल काढायचीच असेल तर मॅन्युअल वाचल्याशिवाय ओढू नका. साउथ बेंडच्या हेडस्टॉकमध्ये स्पिंडलखाली स्प्रिंगवर बसलेल्या फेल्टच्या वाती असतात. त्या तेलाच्या टाकीतून तेल वर चढवतात. स्पिंडल ओढण्यापूर्वी त्या खाली दाबून पिनेने अडवाव्या लागतात, नाहीतर त्या तुटतात किंवा वाकतात. मायफर्ड एमएल७ मध्ये व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंगं असतात आणि त्यांच्या टोप्यांखाली पातळ पापुद्र्यांच्या शिम. एकेक पापुद्रा सोलून बेअरिंगचा प्ले कमी करता येतो. कुठल्या बोल्टखाली कुठली शिम होती हे हरवलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून टोपी काढल्या काढल्या शिम त्याच बोल्टला दोऱ्याने बांधून टाका.

सफाई आणि गंज

तेलकट काळा थर रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने निघतो. पेट्रोल वापरू नका, बंद खोलीत तर मुळीच नाही. तेलात भिजलेल्या चिंध्या ढिगात ठेवू नका. जवसाच्या तेलासारखं सुकणारं तेल लागलेल्या चिंध्या तर आपोआप पेटू शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे रंग कोरडा घासू नका, ग्राइंडरने उडवू नका. रंग उतरवायचं जेल लावून खरवडा, खरवड गोळा करून नीट टाका. नवा रंग हवा असेल तर सगळे घासले जाणारे भाग टेपने झाका आणि तेल सहन करणारा मशीन इनॅमल लावा. जुना रंग घट्ट असेल तर तो तसाच राहू द्यायला काहीच हरकत नाही. मला तर तो नव्यापेक्षा बरा वाटतो.

आता बेड. इथे एकच नियम: जिथून धातू जाईल असं काहीही स्लाइडवेला लावायचं नाही. पॉलिश पेपर नाही, कानस नाही, वायर व्हील तर अजिबात नाही. स्लाइडवे हा मशीनचा सरळपणा मोजायचा आधार आहे, आणि हाताने पॉलिश पेपर फिरवला की कडा जास्त आणि मध्य कमी घासला जातो. वरवरचा गंज असेल तर तेल घालून ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडा, मग ब्राँझ वूलने पुसा. गंजाचे खड्डे तसेच राहू द्या. खड्ड्याने सॅडल वाकडं चालत नाही, उलट त्यात थोडं तेल थांबतं. टवका पडून वर आलेली कड असेल तर बारीक ऑइल स्टोन तेल लावून सपाट फिरवा. दगड फक्त वर आलेल्या भागावर चमक आणेल. ती चमक बाजूच्या पृष्ठभागात मिसळली की थांबा.

लहान भागांसाठी विद्युत पद्धत फार सोयीची. प्लास्टिकचा टब घ्या, दर चार-पाच लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, गंजलेला भाग १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा आणि धन टोकाला साध्या लोखंडाची पट्टी. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. काही तासांत गंज काळा आणि सैल होतो, ब्रशने निघून जातो. तीन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून टब मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब, आणि चार्जर बंद करूनच तारांना हात. स्प्रिंग आणि कडक केलेले भाग यात टाकू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावणही चालतं, पण तास-दोन तासांनी बघत राहावं लागतं, कारण गंज संपला की ते धातूला धरतं. बाहेर काढलं की सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुसून कोरडं करा आणि ताबडतोब तेल लावा. काही जुन्या लेथचे चेंज गियर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. त्यांना आम्ल आणि कॉस्टिक दोन्ही खातात. राखाडी, हलका आणि चुंबकाला न चिकटणारा गियर दिसला तर फक्त रॉकेल आणि टूथब्रश.

तेलाची भोकं हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फळ यातच मिळतं. कोणीतरी कधीतरी त्यात ग्रीस भरलेलं असतं आणि ते मेणासारखं घट्ट झालेलं असतं. तारेने मोकळं करा, रॉकेल सोडा, आणि तेल दुसऱ्या टोकाला खरंच येतंय का ते डोळ्यांनी बघा. फेल्ट कडक झाले असतील तर लोकरीचे नवे कापून घाला, कृत्रिम धाग्याचे तेल चढवत नाहीत.

जोडणी

जोडताना प्रत्येक जोडाला तेल, आणि एक भाग बसवला की तो हाताने हलवून बघितल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. चार भाग बसवल्यावर काहीतरी जड चाललं तर दोष कोणाचा हे सांगता येत नाही.

गिब बसवताना घाई होते. लॉक नट सैल करा, एका टोकापासून सुरू करून प्रत्येक स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या. मग स्लाइड हलवत एकेक स्क्रू थोडा-थोडा आवळा, जडपणा लागला की किंचित मागे. स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि सगळी मेहनत वाया. बेड झिजलेला असेल तर सॅडलची गिब न झिजलेल्या भागात जुळवा, म्हणजे टेलस्टॉककडे अडकणार नाही. चकजवळ थोडी सैल राहील, तिथे आडवं काम करताना सॅडल लॉक करायची सवय लावा.

क्रॉस स्लाइडचा नट फार झिजला असेल तर ब्राँझचा नवा करून घेणं हा सरळ मार्ग. घरच्या घरी करणारे एसिटल प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत स्क्रू धरून, तापवून, दाबून त्याचेच आटे प्लास्टिकवर उमटवतात. हलक्या कामाला तो नट चांगला टिकतो.

तेल कुठलं? मॅन्युअल सांगेल ते. मॅन्युअल नसेल तर साध्या बेअरिंगच्या लहान लेथला बऱ्याचदा व्हीजी ३२ (व्हीजी म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा) किंवा त्याहून पातळ तेल लागतं, स्लाइडवेला व्हीजी ६८ चं स्लाइडवे ऑइल. गाडीचं इंजिन ऑइल टाळलेलं बरं, त्यातली रसायनं घाण तरंगत ठेवण्यासाठी असतात आणि इथे ती गाळायला फिल्टर नसतो. स्लाइडवेवर ग्रीस नको, बर (कापलेल्या धातूचे कण) त्यात रुतून बसते आणि बेडला खरडते. जुन्या लेथचं तेल एका बाजूने घालायचं आणि दुसऱ्या बाजूने गळू द्यायचं अशीच रचना असते. खाली ट्रेमध्ये थेंब पडतायत म्हणून सील शोधत बसू नका, गळणं थांबलं तर काळजी करा.

तीन जॉच्या चकचे जॉ आणि त्यांच्या खाचा १, २, ३ अशा खुणा केलेल्या असतात. सफाईनंतर जॉ त्याच क्रमाने घालावे लागतात. एक चुकला तर तिन्ही मध्याशी भेटत नाहीत.

वीज

कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी वाचवण्यात अर्थ नाही, सगळं नवं करा, आणि जाणकार वायरमनकडून. मोटरला आणि लेथच्या बॉडीला अर्थिंग हवंच. स्टार्टर असा घ्या की वीज जाऊन परत आली तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही. मोटरच्या पाटीवरचा वेग वाचा: ५० हर्ट्झवर चार पोलची मोटर सुमारे १,४४० फेरे देते, दोन पोलची साधारण दुप्पट. आधीच्या मालकाने दोन पोलची बसवली असेल तर पुलीवर लिहिलेले सगळे वेग दुप्पट होतात, आणि साधी बेअरिंगं ते सहन करत नाहीत.

तीन फेजची मोटर एक फेजवर चालवायला व्हीएफडी (एक फेजमधून तीन फेजची वीज तयार करून वेगही बदलणारं उपकरण) बसवता येतो. मोटरची जोडणी आणि व्हीएफडीचं व्होल्टेज जुळलं पाहिजे, आणि व्हीएफडी व मोटर यांच्यामध्ये स्विच ठेवायचा नाही. चालू-बंद सगळं व्हीएफडीच्या कंट्रोल वायरींवरून. उलट फिरवायची सोय मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका: आट्यांवर बसणारा चक उलट फिरवून कट घेतला किंवा एकदम ब्रेक लागला तर चक सुटून अंगावर येतो.

पहिल्यांदा सुरू करताना

आधी पट्टा हाताने ओढून स्पिंडल पूर्ण फिरवा. मग सगळ्यात कमी वेगावर पंधरा मिनिटं, काहीही न कापता. मशीन बंद करून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा: कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग आवळलंय किंवा तेल पोचत नाही. ठीक असेल तर पुढचा वेग.

अंगठी, घड्याळ, सैल बाह्या, ओढणी आणि हातमोजे लेथपाशी नकोत. हातमोजा फिरत्या बारमध्ये अडकला तर हातासकट ओढला जातो. चकची चावी हातातून सुटेपर्यंत चकमध्ये असू शकते, त्यानंतर एक क्षणही नाही. बर ब्रशने काढा, हवेच्या झोताने उडवली तर ती सॅडलखाली जाऊन बसते.

बेडचा पीळ काढणं

आता खरी परीक्षा. लेथ बेंचवर ठेवून बोल्ट आवळले की बेड किंचित पिळला जातो, मग बेंच कितीही भक्कम असो. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी मशीन लेव्हल असेल तर ती बेडवर आडवी ठेवून चकजवळ आणि टेलस्टॉकजवळ वाचन सारखं येईपर्यंत पायांखाली शिम घाला. मशीन समुद्रसपाटीशी समांतर असण्याला महत्त्व नाही, दोन्ही टोकांना वाचन सारखं हवं. लेव्हल नसली तरी अडत नाही, कारण शेवटचा निकाल बारच देतो.

त्यासाठी २५-३० मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा बार घ्या, चकबाहेर १५० मिमीपर्यंत, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना बोटभर रुंदीच्या दोन कॉलर ठेवा. हायस्पीड स्टीलचं टूल धार लावून मध्याच्या उंचीवर बसवा. माइल्ड स्टीलला मिनिटाला २५ मीटरच्या आसपास वेग चालतो, म्हणजे २५ मिमीच्या बारला सुमारे ३०० फेरे. क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कॉलरवरून एकच हलका कट घ्या, मग त्याच जागेवर कट न वाढवता आणखी एकदा फिरवा, म्हणजे बार वाकल्याने राहिलेला धातूही निघेल.

दोन्ही व्यास मोजा. टेलस्टॉककडची कॉलर मोठी आली तर त्या टोकाला टूल मध्यापासून लांब गेलंय, म्हणजे बेडची तुमच्याकडची बाजू तिथे खाली आहे. टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम वाढवा. लहान आली तर मागच्या पायाखाली. व्यासातला फरक ०.०४ असेल तर टूल ०.०२ मिमीच सरकलंय, त्यामुळे शिमही पातळ लागते. एका वेळी एकच बदल, बोल्ट सारख्याच जोराने आवळायचे आणि पुन्हा कट. चकजवळच्या झिजेचा परिणामही याच आकड्यात मिसळलेला असतो. म्हणून जुन्या बेडवर १०० मिमीला एक-दोन शतांशावर समाधान मानलेलं बरं, आणि शून्य गाठायला बेड स्क्रेप करायचा (हाताने खरवडून सपाट करायचा) विचार डोक्यात आला तर आधी वर्षभर मशीन वापरा.

सगळं जुळल्यावर टेलस्टॉक शेवटी जुळवायचा. त्याआधी जुळवला तर बेडचा पीळ आणि टेलस्टॉकची चूक एकमेकांत मिसळतात. दोन्ही सेंटरमध्ये बार धरून तशाच दोन कॉलर कापा आणि यावेळी टेलस्टॉकचे बाजूचे स्क्रू फिरवा. महिन्याभराने कॉलरची चाचणी पुन्हा घ्या. बेंच लाकडी असेल तर हवामान बदललं की पुन्हा एकदा.